पाती उलटी कशी झाली

मंगळवार, आठ तारीख
वर्कशॉपमध्ये, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय काका,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की दवाखान्याची बोट आता पूर्ण वेगातही बहात्तर अंशांवर थांबते. ते चूक आहे. बहात्तर हा आकडा वेग कमी केल्यानंतरचा होता. पूर्ण वेगात काटा अठ्ठ्याहत्तरवर असतो. अठ्ठ्याहत्तर म्हणजेही उत्तमच, आणि तू म्हणशील की एवढ्यासाठी कागद कशाला खर्ची घातलास. पण वहीत अठ्ठ्याहत्तर आणि पत्रात बहात्तर असं राहून गेलं, आणि गेले आठ दिवस ते मला नखात गेलेल्या कुसळासारखं टोचत होतं. त्याच पत्रात आणखी एक वाक्य होतं, 'बोटीला पाणी घ्यायला नवं तोंड दिलं आणि तिचा ताप उतरला.' ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. त्याच्याकडे मी येणार आहे. थोडा वेळ लागेल, कारण हे पत्र ताई तुला वाचून दाखवणार, आणि ताईने जन्मात कधी इंजिनाचं झाकण उघडलेलं नाही. त्यामुळे तुला पाठ असलेल्या गोष्टीही मी फोडून लिहिणार आहे. कंटाळा आला तर डोळे मीट, पण झोपू नकोस. शेवटपर्यंत ऐकायचं आहे.

परवा ताईचा फोन आला होता. तुमच्या घरातलं मला सगळं कळतं ते कसं, असं तू मागे विचारलं होतंस. ती गच्चीत जाऊन मला फोन करते. आता ती हे वाचताना अडखळेल, तिला रागावू नकोस. ती सांगत होती की तू गॅसचं बटण तीनदा बघतोस आणि मग तिला बघायला लावतोस. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलायस, 'किल्ली, चष्मा, नळ'. गाडी चालवणं तर कधीच सोडलंस, पण आता नातीला शाळेतून आणायलाही जात नाहीस, रस्त्यात तिला विसरलो तर काय घ्या म्हणून. आणि तुझी हत्यारांची मोठी पेटी तंत्रशाळेला द्यायचं ठरवलंयस, महिनाअखेरीला त्यांची गाडी इकडे येऊन ती उचलणार आहे. ताईने विचारलं, अहो बाबा, पण का, तर तू म्हणालास, 'आजी शेवटी शेवटी जशी झाली होती तसा मी होतोय. सुरुवात त्या बोटीपासून झाली.' हे तिने मला सांगितलं तेव्हा मी तुझ्या त्याच पेटीवर बसून डबा खात होते. डबा तसाच बंद केला आणि उठले.

काका, सुरुवात बोटीपासून झाली नाही. त्या बोटीत तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. तू काहीही विसरला नव्हतास. हे मी इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे ऐकता येईल. ताई, हे वाक्य त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखव.

आता ताईसाठी. दवाखान्याच्या बोटीचं इंजिन आत, मागच्या फळीला टेकून बसलेलं आहे, आणि फळीच्या पलीकडे पाण्यात तिचा पाय लोंबतो. त्याला आम्ही टांग म्हणतो. पंखा त्या टांगेला असतो, आणि इंजिन थंड ठेवणारं पाणीही टांगेच्याच बारीक खाचांतून वर येतं. दोन अवघड वळणं घेऊन ते फळीतून आत शिरतं, मग एका रबरी पाइपातून इंजिनाच्या पुढच्या अंगाला असलेल्या पंपापर्यंत जातं. पंपात रबराचं एक चक्र असतं, इम्पेलर. सूर्यफुलासारखी त्याची पाती असतात. पंपाच्या पोटात ती सगळी एका बाजूला मुडपलेली असतात आणि फिरता फिरता पाणी पुढे ढकलतात. ते पाणी इंजिनाची उष्णता घेतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. एवढंच. तळ्याचं पाणी आत, तापलेलं पाणी बाहेर. हे थांबलं तर दोन-तीन मिनिटांत इंजिनाची वाट लागते.

मला हे सगळं कुठल्या शाळेने शिकवलं नाही. मी नऊ वर्षांची असताना तू माझ्या हातात टॉर्च दिलास आणि म्हणालास, 'मी जिथे बघतोय तिथे उजेड पाड, तू जिथे बघतेयस तिथे नको.' पहिलं वर्षभर मला तेवढंच काम होतं. मग रबर ओळखायला शिकवलंस, डोळ्यांनी नाही, अंगठ्याने. मग पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायला. आई ओरडायची की पोरीच्या कानात ग्रीस जातंय, आणि तू म्हणायचास, वहिनी, जाऊ द्या, आतून गंज तरी धरणार नाही. बाबांनी शिकवलं ते वेगळं. ते नियम शिकवायचे. त्यांचा सर्वांत मोठा नियम तुला माहीत आहे, बोट पाण्यात सोडण्याआधी टांगेला कानटोपी लावायची, म्हणजे त्या खाचांवर दोन रबरी वाट्या बसवायच्या, त्यांना नळ जोडायचा आणि इंजिन दहा मिनिटं जमिनीवर चालवून बघायचं. आपल्या घरात जेवणाआधी हात धुवायचं एखादवेळी राहिलं असेल, पण कानटोपीची दहा मिनिटं कधी चुकली नाहीत. आपल्याला त्याचा केवढा तोरा होता. समोरचा होडीवाला चेष्टेने म्हणायचा की तुमच्याकडे बोटींना आधी अंघोळ घालतात आणि मग पोहायला सोडतात.

बोट भर तळ्यात बंद पडली त्याच्या आदल्या दुपारी तू नवा इम्पेलर बसवलास. मी नव्हते, मी परीक्षेचा अर्ज भरायला गेले होते. तू एकट्याने बसवलास, कानटोपी लावलीस, दहा मिनिटं चालवलंस, वहीत सही केलीस. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावरून मांडीचं हाड मोडलेल्या एका आजोबांना आणायचं होतं. चालक होता सबुरी (ताई, ज्या माणसाला पाच मिनिटं धीर धरवत नाही त्याला धक्क्यावर सगळे सबुरी म्हणतात), आणि आजोबा कण्हायला लागले तसा त्याने वेग अगदी टोकापर्यंत नेला. अर्ध्या पाण्यात भोंगा वाजला, वाफ आली, इंजिन बंद. नर्सबाईंनी दीड तास आजोबांचा हात धरून त्यांना त्यांच्या म्हशींची नावं विचारली. शेवटी वाळूच्या एका बार्जने बोट ओढून आणली. आजोबांना काही झालं नाही. ते आता काठी घेऊन चालतात आणि सबुरीला ओळखही देत नाहीत.

बोट धक्क्याला लागली तेव्हा आधी मी तिच्यात उतरले. तू आणि बाबा अजून वरून दोर बांधत होता. मी पट्टा काढला, पंप सोडवला, झाकण उघडलं आणि बघितलं, पाती उलट्या बाजूला मुडपलेली. टोकं जळालेली, दोन तर तुटलेली, पण उरलेली सगळी उलटी. आणि मी तिथूनच, धक्क्यावर बोटींच्या कचेरीतले निरीक्षकसाहेब, नर्सबाई, सबुरी, सगळे उभे असताना, मोठ्याने म्हणाले, 'पाती उलटी बसवलीत.' मी 'काकाने' असं म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. आदल्या दिवशीची सही वहीत होतीच.

तू खाली आलास आणि तो इम्पेलर हातात घेऊन किती तरी वेळ बघत राहिलास. मला वाटलं होतं तू मला झापशील. चाळीस वर्षांत तू पाती कधी उलटी बसवली नव्हतीस. तू तर डोळ्यांवर फडकं बांधून इम्पेलर बसवून दाखवायचास, पाहुण्यांना गंमत म्हणून. तू झापलं नाहीस. कचेरीत निरीक्षकांनी विचारलं तेव्हा म्हणालास, 'असेल. बसवताना कसा बसवला ते मला डोळ्यांपुढे येत नाही.' त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, 'पंप उघडला असता पाती उलट दिशेने आढळली', आणि खाली माझी सही, तुझी सही. त्यानंतर चौदा महिने तू पान्याला हात लावला नाहीस. पावसाळ्याआधी ताईकडे राहायला गेलास तो परत आला नाहीस.

कारण सापडलं म्हटल्यावर कोणी पुढे शोधत नाही. आम्हीही शोधलं नाही. इंजिन खोलून दुरुस्त केलं, पंप नवा घातला, कानटोपी लावली, दहा मिनिटं छान चाललं. पण पाण्यात गेल्यावर बोट वेगात पुन्हा तापायला लागली. बाबा म्हणाले, एकदा तापलेलं इंजिन आहे, आता हिला पळवू नका. सबुरीला अर्ध्या वेगाची ताकीद मिळाली. पंचवीस मिनिटांच्या फेरीला पन्नास मिनिटं लागायला लागली आणि तो रोज धक्क्यावर येऊन आमच्या नावाने खडे फोडायचा, की बैलगाडी दिलीत ती दिलीत, निदान बैल तरी द्या.

यंदा दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनीच विचारलं की हिला थंड ठेवायचा काही उपाय आहे का. बाबांनी ते काम मला दिलं. टांगेतला रस्ता अरुंद आहे हे आपल्याला ठाऊक होतंच, तेव्हा तो बंद करून बोटीच्या तळाला वेगळं तोंड द्यायचं, तिथे व्हॉल्व्ह, पुढे गाळणी, आणि तिथून पंपापर्यंत मोठा पाइप, असं मी ठरवलं. चांगल्या बोटीच्या बुडाला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं, या विचाराने माझी दोन दिवस अन्नावरची वासना उडाली होती. मी सात वेळा मापं घेतली. आठव्यांदा घ्यायला लागले तेव्हा बाबांनी टेप काढून घेतला आणि म्हणाले, 'बोटीला भोक पाडलंस की तुझं शिक्षण संपलं. पाड.' पाडलं. गळती नाही, एक थेंबही नाही. बोट पूर्ण वेगात नेली आणि काटा अठ्ठ्याहत्तरच्या वर गेला नाही. सबुरी किनाऱ्यावर आला तो हसत होता, त्याचे दात मी पहिल्यांदाच पाहिले. त्याच संध्याकाळी मी तुला ते मागचं पत्र लिहिलं.

आता ते अर्धं खरं वाक्य. नवं तोंड मोठं, त्यामुळे त्याला जुना पाइप बसेना, म्हणून मी पाइपही नवा घातला, आतून तारेचं वेटोळं असलेला. हे मी तुला कळवलं नाही, कारण त्यात कळवण्यासारखं काही वाटलं नाही. पण पत्र टाकल्यावर डोक्यात किडा शिरला. मी एकदम दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि श्रेय एकीलाच दिलं होतं. तू मला शिकवलंयस की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कोणी बरं केलं ते कळत नाही. मला राहवेना. परवाच्या शनिवारी मी सबुरीला म्हटलं, मला जुना पाइप पुन्हा लावून एक फेरी मारायची आहे. तो म्हणाला, 'बरी झालेली बोट परत आजारी पाडायची? तुमच्या घराण्यात सगळे असेच का?' पण आला.

जुना पाइप तसा तोंडाला बसत नव्हता, एक जोड करून बसवला. मध्ये एक वीतभर पारदर्शक नळी घातली, पाणी दिसावं म्हणून. धक्क्याला उभी असताना सगळं छान, नळी भरलेली. सावकाश निघालो, छान. सबुरीने वेग वाढवला तशी नळीत बुडबुडे दिसायला लागले, मग फेस. मी इंजिनाच्या मागे हात घालून तो जुना पाइप चाचपला. काका, तो पाइप चपटा झाला होता. पट्टीसारखा, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. पंप इतक्या जोरात ओढत होता की पाइपाने माघार घेतली होती. मी सबुरीला हात केला, त्याने वेग कमी केला, आणि माझ्या बोटांखाली तो पाइप फुगून पुन्हा गोल झाला, जसं काही झालंच नव्हतं. आम्ही तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा सबुरीनेही हात घालून बघितला आणि अजून एकदा बघू का, असं तोच म्हणाला, म्हणजे बघ.

जमिनीवर हे कधीच दिसलं नसतं. कानटोपी लावली की नळाचं पाणी आपणहून ढकलत येतं, पाइप उलट फुगतो. तळं काही ढकलत नाही, त्याच्याकडून ओढून घ्यावं लागतं. आपण ज्या दहा मिनिटांवर विसंबून राहिलो, ती दहा मिनिटं हा दोष रोज झाकत होती. आणि त्याच दिवशी तो का उघडा पडला, तेही मला आता कळलं. आदल्या दिवशी तू घातलेला इम्पेलर नवाकोरा होता. जुना मरतुकडा ओढत होता तोवर पाइप कसाबसा टिकून होता. तुझा जोरात ओढायला लागला आणि वरून सबुरीने वेग टोकाला नेला. तू काम चांगलं केलंस म्हणून बोट बंद पडली.

पाइप कोणी घातला होता, हे आता लिहायला हवं. मी. त्याच्या दोन वर्षं आधी, वहीत माझंच अक्षर आहे, 'मागचा पाइप बदलला. तारेचा वळत नव्हता, साधा घातला, छान वळतो.' छान वळतो. तू तेव्हा बाबांबरोबर बाहेरगावी होतास. आल्यावर विचारलं होतंस, पाइप नीट घातलास ना, आणि मी हो म्हणाले होते, कारण तो खरंच नीट घातलेला होता, क्लिपा डबल, गळती नाही. पुढे इंजिनाखालच्या तेलाने तो मऊ पडत गेला. मी तेव्हा अंगठा लावून बघायला हवा होता.

तरीही उलट्या पात्यांचं कोडं राहिलंच. पाइप माझा, पण पाती तर तू उलटी घातली होतीस ना, असं मला त्या शनिवारीही वाटत होतं, आणि खरं सांगते, त्याचा मला थोडा आधारही वाटत होता, की दोष निदान वाटून घेतलाय. म्हणून रविवारी मी मुद्दाम एक इम्पेलर उलटा बसवला. इंजिन चालू केलं, अर्ध्या मिनिटात बंद केलं आणि उघडलं. पाती सुलटी. पुन्हा उलटा बसवला, पुन्हा सुलटा झाला. पहिल्याच फेऱ्यात ती आपणहून पलटतात. तू उलटी घातली असतीस तरी दहा मिनिटांच्या अंघोळीतच सुलटी झाली असती, आणि शिवाय बोट अर्धं तळं ओलांडून गेली होती. म्हणजे इंजिन बंद पडल्यानंतर कोणीतरी पंप उलटा फिरवला होता.

मी माझ्या डाव्या तळहाताकडे पाहिलं. तिथे एक कापल्याची खूण आहे, त्या दिवशीची. धुराच्या पाइपाच्या क्लिपेने हात कापला होता. धुराचा तो पाइप उजव्या बाजूला आहे. आपण पंपाशी नेहमी डावीकडून जातो, पण त्या दिवशी डावीकडे आजोबांचं स्ट्रेचर अडकलेलं होतं, म्हणून मी उजवीकडच्या बोळातून अंग चोरून उतरले होते. पंपाचे चार बोल्ट पुलीच्या मागे असतात, पुली थोडी थोडी फिरवून एकेक बोल्ट समोर आणावा लागतो. डावीकडून फिरवली की ती फिरायची तशीच फिरते. उजवीकडून मी ती माझ्याकडे ओढली. उलटी. चार बोल्ट, म्हणजे जवळजवळ पूर्ण फेरा. रबर भाजून मऊ झालेलं, ते निमूट पलटलं. मी माझ्या हाताने पाती उलटी केली, मग झाकण उघडलं आणि ओरडले की उलटी आहेत. मी जे पाहिलं ते खरं सांगितलं होतं. पण ते मीच करून ठेवलं होतं.

मी तिथेच, बोटीच्या तळाशी, गुडघ्यांत डोकं घालून बसले. रडायला येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू, तेही अगदी वेड्यासारखं. तुझे हात शाबूत होते. तुझं डोकं शाबूत होतं. आजीचं काहीही तुझ्यात आलेलं नव्हतं, तुझं आठवत नाही म्हणणं हे एवढ्यासाठीच होतं की चाळीस वर्षं रोज जे करतो ते कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. मला तरी आठवतंय का आज सकाळी दात कसे घासले? चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी त्या रात्री आडवी झाल्याबरोबर झोपले. आई सकाळी कपाळाला हात लावून बघून गेली, ताप आहे का म्हणून.

बाबांना सांगितलं. ते कानस चालवत होते, चालवतच राहिले. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? 'उजवीकडून उतरलीस? तिथे उभं राहायला जागा तरी कुठे आहे?' मग म्हणाले की कचेरीतला जबाब आत्ता बदलू नकोस. एकवीस तारखेला माझ्या मेकॅनिकच्या दाखल्यावर सही व्हायची आहे, आणि सही करणारे तेच निरीक्षकसाहेब. ते म्हणाले, पंधरा दिवस थांब, दाखला हातात पडू दे, मग खुशाल सांग, मध्ये कोणाचं काय बिघडतंय. मी म्हटलं, महिनाअखेरीला काका पेटी देऊन टाकतोय. आणि दाखला घेऊन मग सांगणं मला जमणार नाही, तो कागद भिंतीवर लावला तर माझ्याच्याने त्याच्याकडे बघवणार नाही. जेवताना त्यांनी आईला सांगितलं की हिचं डोकं धाकट्यावर गेलंय. आज सकाळी आले तर माझ्या टेबलावर त्यांच्या हातचं पंपाचं चित्र होतं, पुली, बोल्ट, स्ट्रेचर, उजवीकडे एक बाहुली काढून तिच्या हातापासून बाण. खाली लिहिलं होतं, 'साहेबांना तोंडी सांगून कळायचं नाही.' बाहुलीला त्यांनी माझी वेणी काढली आहे. त्यांनी काढलेलं माणसाचं चित्र मी याआधी पाहिलं नव्हतं.

दाखला एखादं वर्ष अडकेल कदाचित. अडकू दे असं शूरपणे लिहावंसं वाटतं, पण भीती वाटतेच, तुला माहीत आहे मी कशी आहे ते. पण ही भीती त्या चौदा महिन्यांसारखी नाही. ही सरळ समोरून येते. आणि एक सांगायचं राहिलं, नवं तोंड वाया गेलेलं नाही. टांगेचा रस्ता तात्पुरता उघडून नुसत्या नव्या पाइपावरही एक फेरी मारून पाहिली, तेव्हा काटा पंच्याऐंशीपर्यंत गेला, तोंडासकट अठ्ठ्याहत्तर. दोन्ही वहीत आहे.

हे पत्र मी तुझी माफी मागायला लिहिलेलं नाही, ती मागायला मी स्वतः येईन. लिहिलं ते अशासाठी, की जुन्या जबाबावर तुझीही सही आहे, त्यामुळे साहेब तुला फोन करून विचारतील. आणि तू काय म्हणशील ते मला शब्दन् शब्द माहीत आहे. 'जाऊ द्या हो साहेब, माझंच चुकलं असेल, पोरीचं नाव कशाला लावता.' काका, तसं म्हणू नकोस. एकदा तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःला चुकीचा ठरवलंस, आता त्याच माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तेवढंच म्हण, की पुतणी सांगते ते खरं आहे. तंत्रशाळेला ताईकडून निरोप धाड की पेटी मिळणार नाही. जुना पाइप, जळका इम्पेलर, बाबांचं चित्र आणि माझा नवा जबाब मी एका पिशवीत भरून ठेवला आहे. कचेरी सकाळी दहाला उघडते, आणि मी जाणार आहे ती येत्या सोमवारी, चौदा तारखेला.

तुझीच
पुतणी